शनिवारचा कट्टा: 1603 सह्या आणि मंद्याचा एकच प्रश्न

शनिवारी रात्री नेहमीसारखे नाशिकच्या गंगापूर रोडच्या टपरीसमोर बसलो होतो, मंद्या, बाळ्या, शलाका आणि मी. विषय सुरू झाला मंद्याच्या बदलीवरून आणि गेला थेट अमेरिकेत. झालं असं की शलाकाच्या पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा डोकावत होता (ती कॉलेजात तासिकेवर शिकवते, सोमवारी तिचा ब्लॅक फेमिनिझमवर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या स्त्रीवादावर, तास होता), मंद्याने वरचं पान ओढलं, चार ओळी वाचल्या आणि सुरू झाला, "हे कोणासाठी लिहितात गं? प्रोफेसरांनी लिहायचं, प्रोफेसरांनी वाचायचं आणि त्यावर प्रोफेसरांचंच प्रमोशन. लोकांचा संबंध काय यात?"

शलाका चिडली की आवाज खाली आणते. म्हणाली, तुला नोकरीतलं कळतं ना, मग नोकरीचंच ऐक. जनरल मोटर्स या अमेरिकेतल्या गाड्यांच्या कंपनीत 1964 च्या आधी ब्लॅक बायकांना घेतच नव्हते. नंतर घ्यायला लागले. मग मंदी आली, सीनियॉरिटीप्रमाणे कपात झाली, शेवटी आलेले आधी बाहेर, आणि 1970 नंतर लागलेल्या सगळ्या ब्लॅक बायका घरी. पाच जणी कोर्टात गेल्या. 1976 साली कोर्ट म्हणतं, बायकांवर अन्याय कसा, कंपनीने बायका तर घेतल्यात (त्या गोऱ्या, ऑफिसात), आणि वंशाचं म्हणाल तर त्याची वेगळी केस चालू आहे तिकडे जा, दोन्ही एकत्र करून तिसराच दावा मांडता येणार नाही. "म्हणजे बाई म्हणून बघितलं तर गोरी बाई दिसते, काळं म्हणून बघितलं तर काळा पुरुष दिसतो, आणि ही बाई दिसतच नाही."

मंद्या गप्प. सीनियॉरिटी लिस्ट त्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

किंबर्ली क्रेनशॉ नावाच्या कायद्याच्या प्राध्यापिकेने 1989 मध्ये याच केसवर लेख लिहिला आणि त्यातून तो इंटरसेक्शनॅलिटी शब्द आला, म्हणजे एकाच माणसावर दोन-तीन भेदभाव एकत्र आदळणं. तिचं उदाहरण चौकाचंच आहे, चौकात गाडी कुठल्याही बाजूने येऊन ठोकू शकते, कधी सगळ्या बाजूंनी. बाळ्या लगेच, "म्हणजे आपला द्वारका चौक." हो बाबा, द्वारका. आणि ठोकलं कोणी हे ठरत नाही म्हणून पडलेल्या बाईला ना भरपाई ना दवाखाना. बाळ्या म्हणाला, हे एवढं सोपं आहे तर शब्द एवढा लांब का? याचं उत्तर शलाकाकडे नव्हतं, खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

मी मध्ये बेल हुक्स या ब्लॅक लेखिकेचं काढलं कारण मी तेवढंच वाचलंय. अमेरिकेतल्या केंटकीची, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी, वडील साफसफाईच्या कामाला. पहिलं पुस्तक एकोणिसाव्या वर्षी लिहायला घेतलं, मधल्या काळात टेलिफोन ऑपरेटरची नोकरीही केली, आणि पुस्तक छापून आलं 1981 ला. तिने मुद्दाम फुटनोटा टाळल्या, का तर कॉलेजात न गेलेल्या माणसाला पान बघूनच धडकी भरू नये. यावर विद्यापीठातल्यांनी नाकं मुरडली, हे कसलं संशोधन म्हणून. नाव पणजीचं घेतलं आणि तेही लहान अक्षरांत लिहायची, लक्ष माझ्याकडे नको पुस्तकाकडे जाऊ दे म्हणून. (आपल्या लिपीत कॅपिटल नसतंच त्यामुळे बाळ्याला यातली गंमत कळायला जरा वेळ लागला.)

"बघ," मंद्या म्हणाला, "सोपं लिहिलं की तुमचेच लोक हसतात." पॉइंट बरोबर होता.

मग शलाकाने मोबाईल काढला आणि एक जुन्या पेपरचा फोटो दाखवला. न्यूयॉर्क टाइम्स, 17 नोव्हेंबर 1991. जाहिरात आहे, पण साबणाची नाही. मजकूर आणि त्याच्याबरोबर नावंच नावं, मुंगीएवढी, झूम केलं तरी डोळे ताणावे लागतात. 1603 ब्लॅक बायका. त्याच्या महिनाभर आधी अनिता हिल या कायद्याच्या ब्लॅक प्राध्यापिकेने सिनेटच्या (अमेरिकन संसदेचं वरचं सभागृह) समितीपुढे सांगितलं होतं की क्लॅरेन्स थॉमस, तोही ब्लॅक, जो सुप्रीम कोर्टात जज व्हायला निघालाय, त्याने तिचा साहेब असताना तिला कसा लैंगिक त्रास दिला. समितीत चौदा जण, सगळे पुरुष, सगळे गोरे. थॉमसने आरोप साफ नाकारले आणि वर म्हणाला हे माझं हायटेक लिंचिंग (काळ्यांना जमावाने ठार मारायचे ते) चाललंय. झालं, ब्लॅक म्हटलं की थॉमस आणि बाई म्हटलं की गोऱ्या फेमिनिस्ट, अनिता हिल मधल्या मध्ये गायब. शलाका म्हणाली, जनरल मोटर्सवालंच झालं की नाही परत? क्रेनशॉ तेव्हा हिलच्या वकिलांना मदत करत होती. आणि एल्सा बार्कली ब्राउन, डेबोरा किंग, बार्बरा रान्सबी या तीन अभ्यासक बायकांनी ईमेल वगैरे नसताना सह्या आणि वर्गणी गोळा करून हिलच्या बाजूने पेपरात जागा विकत घेतली. जर्नलमध्ये नाही हां, पेपरात.

इथे बाळ्याने जे काढलं ते मला अजून डोक्यातून जात नाहीये. तो एरवी क्रिकेट सोडून बोलत नाही. म्हणाला, पण लिंचिंगवर पुरावे गोळा करून पहिल्यांदा ओरडली ती पण ब्लॅक बाईच ना, पत्रकार आयडा वेल्स? 1892, मेम्फिस. किराणा दुकान चालवणाऱ्या तिच्या ओळखीच्या तिघांना मारलं, समोरच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा बसत होता हे खरं कारण. तिने एकेक प्रकरण खणून दाखवलं की बलात्काराचे आरोप बऱ्याचदा नुसतं निमित्त असतात, आणि जमावाने तिचं छापखान्याचं ऑफिस फोडलं, ती गावात नव्हती म्हणून वाचली. "म्हणजे शब्दाला वजन आणलं एका ब्लॅक बाईने, आणि शंभर वर्षांनी तोच शब्द दुसऱ्या ब्लॅक बाईच्या तोंडावर मारला."

शलाका त्याच्याकडे बघतच राहिली. कुठे वाचलंस? "यूट्यूब," बाळ्या म्हणाला.

मंद्या मात्र हटेना. जाहिरात आली तेव्हा थॉमसच्या नेमणुकीवर सिनेटचं मतदान होऊन गेलं होतं ना? होतं, 52 विरुद्ध 48, थॉमस आत. मग 1603 सह्यांनी काय केलं? शलाकाने कॅरोल मोझली ब्रॉनचं सांगितलं, शिकागोकडे दस्तनोंदणीचं खातं सांभाळणारी बाई, थॉमसला मत देणाऱ्या स्वतःच्याच पक्षाच्या सिनेटरला तिने 1992 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, पाडलं आणि सिनेटमधली पहिली ब्लॅक बाई झाली. "ते मतदारांनी केलं, प्रोफेसरांनी नाही," मंद्या. "मतदारांना राग कशाचा आला होता मग?" शलाका. हे असं दहा मिनिटं, टपरीवाल्याने दोनदा शटर वाजवलं.

पुण्याच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापिका शर्मिला रेगेंनी 1998 मध्ये दलित बायका वेगळं बोलतात म्हणून जो लेख लिहिला त्यात ब्लॅक फेमिनिस्टांचा धागा आहेच, पण तोही इंग्रजीत आणि साप्ताहिकात, मंद्याला आयतं कोलीत नको म्हणून मी गप्प बसलो.

उठताना मंद्याने विचारलं, सोमवारी पोरांना ही फॅक्टरीची केस सांगणार ना, सरळ अशीच? शलाका झेरॉक्स पिशवीत कोंबत म्हणाली, "सांगणार रे. पण पेपरात टीप येते. इंटरसेक्शनॅलिटी, पाच मार्क." मंद्या इतका हसला की हातातला उरलेला चहा बाळ्याच्या पँटवर.