पॅकेजच्या पोटात तास किती?

पुण्यातल्या भाच्याला नोकरी लागली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडा झळकला, बारा लाखांचं पॅकेज. अभिनंदनाचा पाऊस पडला. मी विचारलं, “आठवड्याला तास किती?” ग्रुप एकदम चिडीचूप. रात्री ताईचा फोन आला, “चांगलं झालं म्हणायचं सोडून तुला तास कसले सुचतात रे?”

ही खोड मला न्यू जर्सीत लागली. इथे राज्यातल्या खासगी नोकरदारांची सरासरी कमाई दर महिन्याला जाहीर होते, पण ती आठवड्याच्या हिशेबात. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कामगार सांख्यिकी विभाग आस्थापनांना दोन गोष्टी विचारतो: महिन्याची १२ तारीख ज्या पगारकाळात येते त्यात पगारापोटी किती पैसे दिले आणि ते किती तासांचे. त्यातून ताशी कमाई निघते. तिला आठवड्याच्या सरासरी तासांनी गुणलं की आठवड्याची. त्यामुळे ताशी दर वाढवून मालकाने तास कापले, तर तेही लपत नाही. देशभरातल्या खासगी नोकऱ्यांची सरासरी आठवड्याला ३४ तासांच्या आसपास असते. अमेरिकन माणूस राबराब राबतो, हे ऐकत मोठे झालेल्या मला ते बघून गंमत वाटली होती.

आता तिकडची चर्चा बघा. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं वक्तव्य गाजलं. त्यांनी ९० तासांची भाषा केली, वर घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही विचारलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. प्रत्येक वेळी देशभक्ती, आळस, कुटुंब, चीन, सगळं बोलून झालं. तासाला किती पैसे पडतात, एवढं मात्र कोणी विचारलं नाही. बारा लाखांना ४५ तासांच्या आठवड्याने भागा आणि मग ७० च्या. तोच पगार ताशी एक तृतीयांशाहून जास्त उतरतो.

इथलं सगळं गोड आहे, असं मात्र समजू नका. सरासरी हा भला माणूस नाही. न्यू जर्सीत औषध कंपन्या आहेत, हडसन नदी ओलांडली की वॉल स्ट्रीट, आणि टर्नपाइक या महामार्गाच्या कडेला मैलोनमैल गोदामं. औषध कंपनीतला शास्त्रज्ञ आणि गोदामातला माणूस एकाच आकड्यात बसवले की आकडा दोघांचाही राहत नाही. शिवाय इथे मोजल्या जातात नोकऱ्या, माणसं नव्हेत. दिवसा गोदामात आणि रात्री पेट्रोल पंपावर उभा राहणारा दोनदा मोजला जातो. एका मालकाकडे आठवड्याला ३० तास भरले की आरोग्य विम्याच्या कायद्यात नोकरदार पूर्णवेळ ठरतो, म्हणून काही मालक २९ वरच थांबवतात. स्वतःचं दुकान चालवणारा आणि घरकाम करणारी बाई तर मोजणीतच नाहीत.

आणि आम्ही आयटीवाले? इथल्या १९३८ च्या कायद्याने ४० तासांनंतर दीडपट पैसे द्यावे लागतात, पण आठवड्याला किमान ६८४ डॉलर ठरलेला पगार आणि ‘व्यावसायिक’ स्वरूपाचं काम असेल तर मालकाला त्यातून सूट आहे. माझी नोकरी त्यातच बसते. गेल्या हिवाळ्यात एका रिलीजपायी ६० तासांचे आठवडे काढले, कागदोपत्री ते ४०. विभाग पैसे दिलेले तास मोजतो. फुकटचे तास इथेही कुठे दिसत नाहीत. तेव्हा भाच्याला उपदेश करण्याचा माझा अधिकार तसा तोकडाच. गंमत म्हणजे आपल्याकडच्या कायद्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, इथल्यापेक्षा चांगला. तो पदरात किती जणांच्या पडतो, हे चाकणच्या कंत्राटी पोरांना विचारावं.

आठवड्याचा हिशेब काही परदेशी नाही. १० जून १८९० ला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी आली, तेव्हाही भांडण आठवड्याचंच होतं. गावाकडे मजुरी बाजाराच्या दिवशी वाटत. आजोबांच्या वहीत प्रत्येक नावापुढे रेघा असायच्या, खाडा पडला की फुली, अर्धा दिवस असला की आखूड रेघ, आणि त्याच ओळीत पुढे पैसे.

भाच्याने परवा ऑफर लेटर पाठवलं. अकरा पानं. बेसिक, एचआरए, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे, सगळं पैशाने मांडलेलं. कामाच्या वेळेबद्दल एकच वाक्य: ‘प्रकल्पाच्या गरजेनुसार’.