रायटरचा प्रिसेट फिरवू नका: ‘सात घरगुती उपायां’ना उत्तर

गेले काही दिवस सांगली-मिरजेपासून कराडपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘डीव्हीडी रायटर डिस्क घेत नाही? बर्न अर्ध्यावर फेल होतंय? रिपेअरिंगवाल्याला पैसे देऊ नका, हे सात घरगुती उपाय करा.’ उपाय असे: लेन्स पेट्रोलने नाहीतर थिनरने पुसा, कोरी डिस्क पंधरा मिनिटं उन्हात ठेवा, ऊन नसेल तर फ्रीजरमध्ये, डिस्कला टूथपेस्ट चोळा, रायटर उघडून चालू करा, लेझर लाल दिसतो का बघा, आणि मंद वाटला तर प्रिसेट (लेझरची ताकद कमी-जास्त करणारा, टेस्टरने फिरवायचा बारीक भाग) उजवीकडे फिरवा, रजिस्ट्रीतून (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथून) अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी उडवा, कायम १ एक्सवरच, म्हणजे सगळ्यात कमी वेगाने, बर्न करा, आणि शेवटी, कोऱ्या डिस्क सगळ्या सारख्याच, त्यामुळे दोष नेहमी रायटरचाच.

असले मेसेज मी सोडून देतो. पण परवा तासगावच्या दाजींनी हाच मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘चौथा उपाय करू का? स्क्रू काढून ठेवलेत.’ मिरजेत काढलेल्या एमआरआयच्या सीडीची त्यांना दुसरी प्रत हवी होती. दाजी, ते स्क्रू आधी परत लावा. मग पुढचं वाचा.

चौथ्यापासूनच, म्हणजे रायटर उघडून लेझर बघण्यापासून, सुरुवात करतो. बाकीच्या उपायांनी डिस्क वाया जाईल, फार तर विंडोज बसेल. याने डोळा जाऊ शकतो.

डीव्हीडी रायटरच्या लेन्समागे दोन लेझर असतात. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०चा. ६५० लाल दिसतो. ७८० अवरक्तात मोडतो, तो डोळ्याला जेमतेम अंधुक तांबूस दिसतो, बहुतेकांना तेवढाही नाही. म्हणजे ‘मंद दिसतोय’ यावरून लेझर कमजोर झालाय असं ठरवताच येत नाही. शिवाय डिस्क वाचताना रायटर लेझर अगदी कमी ताकदीवर चालवतो आणि लिहिताना ती १०० मिलिवॅटच्या पुढे नेतो. साध्या लेझर पॉइंटरला ५ मिलिवॅटची मर्यादा धरतात, यावरून अंदाज घ्या. झगझगीत उजेड दिसला की आपली पापणी मिटते. जो उजेड नीट दिसतच नाही त्याला ती मिटत नाही, आणि तोवर डोळ्याच्या पडद्यावर भाजलेला डाग पडलेला असतो. रायटरच्या वरच्या पत्र्यावर ‘क्लास १ लेझर’ लिहिलेलं असतं. ते पत्रा बंद असेपर्यंतच खरं आहे.

पत्रा काढून डिस्क फिरवणं हाही वेगळा धोका. डिस्कला वरून दाबून धरणारी चकती बऱ्याच रायटरमध्ये वरच्या बाजूच्याच भागात बसवलेली असते. पूर्ण वेगात डिस्क मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, तेव्हा १२ सेंटिमीटरच्या डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळत असते. ती निसटली तर बाजूला बसलेल्या माणसाकडेच येणार.

आता प्रिसेट. हा सल्ला आला कुठून ते माहीत आहे. जुन्या ऑडिओ सीडी प्लेअरमध्ये लेझर थकला की रिपेअरिंगवाले प्रिसेट किंचित फिरवून आणखी काही महिने काढायचे. तिथे लेझर फक्त वाचायचा, त्यामुळे तेवढं खपून जायचं. रायटरचं काम वेगळं आहे. प्रत्येक बर्नच्या आधी तो डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत वेगवेगळ्या ताकदीने थोडं थोडं लिहितो, ते परत वाचतो आणि या डिस्कला किती ताकद लागेल ते ठरवतो. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येतो तेव्हा नेमकी ही चाचणी फसलेली असते. लेझर किती उजेड देतोय हे रायटर एका छोट्या फोटोडायोडने मोजत असतो, आणि बऱ्याच रायटरमध्ये प्रिसेट त्या मोजमापाच्याच वाटेत असतो. तो फिरवला की रायटरची मोजपट्टीच खोटी होते. लेझर मर्यादेबाहेर गेला तरी त्याला कळत नाही.

आणि लेझर डायोडला जास्तीचा करंट सोसत नाही. मर्यादा ओलांडली की त्याची उजेड बाहेर टाकणारी कड क्षणात जळते. त्यानंतरही तो चमकतो, पण लेझर राहत नाही, नुसता एलईडी होतो. म्हणून लोक सांगतात, ‘उजेड तर वाढला, तरी डिस्क का घेत नाही?’ मागे फिरवून काही होत नाही, कारण मूळ जागा कारखान्यात मीटर लावून ठरवलेली असते आणि तो प्रिसेट दोन-तीन मिलिमीटरचा असतो. टेस्टरचं टोक केसभर सरकलं तरी फरक मोठा पडतो.

लेझर थकलाय का हे पाहायला स्क्रू काढायची गरजच नाही. दुकानातून विकत घेतलेली छापील सीडी आणि तशीच डीव्हीडी घाला. सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही, किंवा उलट, तर एका बाजूचा लेझर गेलाय असं धरायला हरकत नाही. मग रायटर बदला. दोन्ही नीट वाचतो आणि फक्त बर्न फसतं, तर आधी डिस्क, वीज आणि केबल बघा.

पेट्रोल आणि थिनर. रायटरची लेन्स बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, तिच्यावर पातळ लेप असतो आणि ती केसाएवढ्या तारांवर तरंगत असते. थिनरने ती पांढरी पडते, दाब दिला तर तारा वाकतात. पेट्रोलची वाफ घरात, चालू कॉम्प्युटरशेजारी, यावर वेगळं काय लिहायचं? एवढं मात्र मान्य की लेन्सवर धूळ बसते आणि ती काढल्यावर काही रायटर खरोखर चालू होतात. पंख्यामुळे कॅबिनेटमधली हवा बाहेर जाते आणि पुढच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. हळदीच्या पेठेजवळच्या घरात किंवा पाचट जाळण्याच्या दिवसांत उसाच्या फडाजवळ ती जास्तच. लॅपटॉपच्या स्लिम रायटरमध्ये ट्रेसोबत लेन्स बाहेर येते. तिथे आधी कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हवा मारा. डाग उरला तर कापसाच्या काडीवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे असतं ते, एक थेंब घेऊन लेन्सला नुसतं टेकवा. घासायचं नाही. दहा मिनिटं सुकू द्या. डेस्कटॉपच्या रायटरची लेन्स आत असते, तिथे ब्रशवाली क्लीनिंग डिस्क एकदा फिरवून बघा. फरक पडला नाही तर परत परत फिरवू नका.

ऊन, फ्रीजर आणि टूथपेस्ट एकत्रच घेतो. अमेरिकेत मोजमापाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे, एनआयएसटी. तिने ऑक्टोबर २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी कशा हाताळाव्यात यावर ‘स्पेशल पब्लिकेशन ५००-२५२’ काढलं. ते फुकट वाचायला मिळतं. त्यात स्पष्ट आहे: रेकॉर्ड करायच्या डिस्क जास्त वेळ उन्हात ठेवू नका, तापमान आणि दमटपणा एकदम बदलू देऊ नका, लिहायचं नसेल तर कोरी डिस्क पाकिटातून काढूही नका, चिकटणारी लेबलं लावू नका, पुसायची तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मेसेजमधलं ऊन, फ्रीजर आणि टूथपेस्ट, तिन्ही या एका कागदाने निकालात निघतात.

कारणही साधं आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, लेझर त्याच्यावर खुणा करतो, आणि उन्हातले अतिनील किरण तोच थर बिघडवतात. पंधरा मिनिटांत डिस्क मरेलच असं नाही. पण फायदा काय? काहीच नाही. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर साताऱ्याच्या पावसाळ्यात क्षणात दव धरेल, आणि ती ओली डिस्क तुम्ही फिरत्या मोटरवर ठेवणार. टूथपेस्टने जुन्या डिस्कच्या वाचायच्या बाजूचा उथळ ओरखडा कधीमधी गुळगुळीत होतो, एवढंच त्यातलं खरं. सीडीची चूक-दुरुस्ती सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग तूट भरून काढते. ट्रॅकला आडवा गेलेला ओरखडा म्हणून चालून जातो, ट्रॅकच्या दिशेने गेलेला नाही. गोल गोल चोळून तुम्ही नेमके दुसऱ्या प्रकारचे ओरखडे पाडता. आणि कोऱ्या डिस्कला टूथपेस्ट कशासाठी?

रजिस्ट्रीचा उपाय निम्मा खरा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. रायटर ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसोबत कोड १९, ३१, ३९ किंवा ४१ येतो, अशा वेळी तो खरोखर चालतो. मायक्रोसॉफ्टनेही तो दिलेला आहे. पण कुठल्या की-मधून (रजिस्ट्रीतल्या कुठल्या कप्प्यातून) उडवायचं हे मेसेजमध्ये नाहीच. सीडी-डीव्हीडीची की ४डी३६ई९६५ने सुरू होते. हार्डडिस्कची ४डी३६ई९६७ने. शेवटच्या एका आकड्याचा फरक. ९६७मधल्या अप्परफिल्टर्समध्ये विंडोजला पार्टिशन ओळखायला लागणारा पार्टएमजीआर असतो. तो उडवला तर कॉम्प्युटर पुन्हा चालूच न होण्याची पाळी येते. करायचंच असेल तर आधी ती की एक्सपोर्ट करून ठेवा, ९६५मधल्या फक्त त्या दोन नोंदी काढा, अख्खी की नाही, आणि रीस्टार्ट करा. बर्निंगचं एखादं सॉफ्टवेअर नंतर पुन्हा टाकावं लागेल. आणि रायटर बायॉसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नसेल तर रजिस्ट्री उघडूच नका, तिथे विंडोजचा संबंध नाही.

१ एक्स: डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट. १६ एक्सच्या डिस्कला तो वेग बहुतेक रायटर देतच नाहीत. पूर्ण वेगाने बाहेरच्या कडेला चुका वाढतात, हे खरं. म्हणून मधला वेग घ्या. १६ एक्सच्या डिस्कवर ८ एक्स, भरलेली डिस्क आठ-नऊ मिनिटांत होते.

‘सगळ्या डिस्क सारख्याच’ हे साफ खोटं. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर बनवणाऱ्याचा कोड कोरलेला असतो. इमेजबर्न (ImgBurn) या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्क घातली की उजवीकडे तो दिसतो. रायटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्याच सॉफ्टवेअरमध्ये) कोडनुसार लिहिण्याची पद्धत साठवलेली असते. अनोळखी कोड आला की तो अंदाजाने लिहितो. बॉक्सवरचं नाव आणि आतला कोड यांचा मेळ बसेलच असं नाही. आपल्याकडच्या मोझर बेअर कंपनीवर २०१८ मध्ये लिक्विडेशनची, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याची, वेळ आली. त्या नावाच्या डिस्क आज दुकानात दिसल्या तर त्या किती वर्षं पडून आहेत ते विचारा. रायटरला नावं ठेवण्याआधी वेगळ्या कोडच्या दोन डिस्क बर्न करून ‘व्हेरिफाय’ चालवा. एक पास, एक फेल, तर रायटर ठीक आहे. फर्मवेअर अपडेट करणार असाल तर नेमक्या त्याच मॉडेलचं घ्या आणि यूपीएसशिवाय हात लावू नका. मध्येच लाईट गेली तर रायटर कायमचा गेला.

मेसेजने ज्याचं नावही घेतलं नाही ते आता. विंडोज डिस्क घातल्यावर विचारतं, यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिला पर्याय निवडला की ती डिस्क टीव्हीजवळच्या प्लेअरवर आणि कित्येक दवाखान्यांतल्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि लोक म्हणतात रायटर खराब. दुसरा निवडा. दाजी, तुमच्या एमआरआयच्या सीडीतली चित्रं निवडून ओढू नका. अख्खी डिस्क आहे तशी कॉपी करा. तिच्यात सगळ्यात वरच्या पातळीवर डायकॉमडीआयआर (DICOMDIR) नावाची फाइल असते, ती तिथे नसेल तर डॉक्टरांच्या सॉफ्टवेअरला चित्रं सापडत नाहीत. आणि एक प्रत आजच पेन ड्राइव्हवर घ्या.

जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनमध्ये रुंद आयडीई केबल असेल तर आणखी एक बघा. सहा वेळा टाइम-आउट किंवा सीआरसीची (डेटा तपासताना सापडलेली) चूक झाली की विंडोज त्या ड्राइव्हला गुपचूप संथ पीआयओ मोडमध्ये टाकतं. माउस अडखळतो, बर्न फसतं. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की तो परत वेगावर येतो. पुन्हा तेच झालं तर केबल बदला. रुंद केबलऐवजी बारीक साटा केबल असेल तर ती डेटा केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

शेवटचं, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. वाचताना सगळं ठीक आणि बर्न सुरू होताच रायटर गायब किंवा एरर, असं असेल तर वीज मोजा. एसएमपीएसचा एखादा मोकळा चार पिनचा कनेक्टर घ्या, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळं टोक काळ्या वायरच्या खाचेत आणि लाल टोक लाल वायरच्या. लाल वायर ५ व्होल्टची, पिवळी १२ची. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका, बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहतो. बर्न सुरू करा आणि आकड्यावर नजर ठेवा. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळीवर ११.४ ते १२.६ यांच्या आत राहायला हवं. लिहायला लागताच लाल वायरचा आकडा ४.६वर उतरला, तर रायटर तसाच ठेवा आणि एसएमपीएस बदला.