मास्तर मोबाईलवर काय करतात? ऐका मग

नाशिकच्या पालक ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, मला तीन ठिकाणहून आला. म्हणणं असं की मास्तर लोक ग्रुपवर टाइमपास करतात आणि त्याला शिकणं म्हणतात, खरं प्रशिक्षण हॉलमध्येच होतं, ग्रुपवर चुकीचं पसरतं, आणि वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितलंय त्यात हे कुठे बसतं. मी पेठ तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, रोज नाशिकहून अप-डाऊन, तर बोलतोच.

टाइमपास? अर्धं खरं आहे. गुड मॉर्निंगची फुलं, वाढदिवसाचे केक, आणि 'माहिती आजच 4 पर्यंत भरा'. पण तो ऑफिसचा ग्रुप, तिथे कोणी शिकत नाही, आम्ही फक्त 'ओके सर' म्हणतो. आमचा दुसरा एक ग्रुप आहे, वीसेक जणांचा, कोणी सांगून काढलेला नाही, त्याच्याबद्दल बोलतोय मी.

आता हॉलचं. तिसरीतला एक पोरगा 52 वजा 27 बरोबर 35 लिहायचा, रोज. म्हणजे सातातून दोन काढायचा, मोठ्यातून लहान, झालं. हातचा दहा वेळा सांगून झाला. हे कुठल्या प्रशिक्षणात विचारू, ते तर दिवाळीनंतर! वहीचा फोटो ग्रुपवर टाकला तर सुरगाण्याच्या एका मॅडमनी रात्री व्हॉइस नोट पाठवली, सर कागदाच्या नोटा करा, दहाच्या पाच आणि दोन सुटे, आणि त्याच्याकडे 27 मागा. दुसऱ्या दिवशी पोरगं दोन नोटा देऊन थांबलं, हातातल्या सुट्यांकडे बघितलं आणि म्हणालं, "सर, एक नोट मोडून द्या ना." बस्स. हातचा म्हणजे नोट मोडणं, हे मला 14 वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं.

चुकीचं पसरतं म्हणाल तर 2019 आठवा, दुसरीच्या गणितात 'वीस दोन' आलं तेव्हा बावीस बंद केलं म्हणून अख्खा महाराष्ट्र हसत होता, टीव्हीसकट. जुनी पद्धत काढलेलीच नव्हती, नवी जोडीला दिली होती, आणि हे मला कळलं ते ग्रुपवर कोणीतरी पुस्तकाचं पानच टाकलं म्हणून.

राहिले 50 तास, 2020 च्या शैक्षणिक धोरणातले. नका मोजू आमचे तास! मोजायला लागले की काय होतं माहितीये, ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवायचा आणि इकडे वह्या तपासायच्या, मी स्वतः केलंय, सर्टिफिकेटही आलं.

खरी तक्रार करायचीच तर पोरांच्या फोटोंची करा, ती या मेसेजमध्ये नाहीच. शिकवतानाचे व्हिडिओ सर्रास फिरतात, चेहरे दिसतात, घरच्यांना विचारलेलं नसतं. आमच्या ग्रुपवर फक्त वही, आणि नावावर अंगठा ठेवून फोटो. माझा अंगठा तेवढा दिसेल तुम्हाला, शाईने बरबटलेला.