रणगाड्याचा पार्ट बंकरमध्ये बटण दाबून निघत नाही

पुण्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कोथरूडच्या सोसायट्यांपासून भोसरीच्या कारखानदारांपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय. सार असं: थ्रीडी प्रिंटिंगमुळे सियाचीनमधला जवान जुना पार्ट स्कॅन करून, बटण दाबून तासाभरात रणगाड्याचा कोणताही पार्ट बनवेल, रसद पोहोचवणारे ट्रक आणि गोदामं बंद होतील, अमेरिकेने हे २०१२ मध्येच करून दाखवलं, आपण झोपलोय. शेवटी खास पुणेरी शेपूट: खडकी आणि देहू रोडच्या लष्करी डेपोंच्या जमिनी आता मोकळ्या होणार!

धातूची छपाई, म्हणजे धातूच्या पावडरचे थर लेझरने वितळवून एकावर एक चढवत पार्ट बनवणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मेसेज खरा असता तर सगळ्यात आधी पेढे मीच वाटले असते.

‘बटण दाबा, तासाभरात पार्ट घ्या’

प्लॅस्टिकची छोटी खुंटी किंवा झाकण असेल तर तासा-दोन तासांत निघतं, मान्य. धातूचं गणित वेगळं. लेझरवर चालणाऱ्या मशीनमध्ये पावडरचा एक थर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). ४० मायक्रॉन धरले तर १० सेंटिमीटर उंचीच्या पार्टला २,५०० थर लागतात. प्रत्येक थराला पावडर पसरायची, लेझर फिरवायचा, प्लेट खाली घ्यायची. रात्रभर मशीन चालतं आणि सकाळी जे हातात येतं तो पार्ट नसतो, बिल्ड प्लेटला चिकटलेला खडबडीत तुकडा असतो. आतले ताण काढायला भट्टी, प्लेटवरून सोडवायला वायरकट (तारेने धातू कापणारं मशीन), छापताना दिलेले तात्पुरते टेकू, म्हणजे सपोर्ट, काढायला माणूस, बेअरिंग बसायची जागा अचूक कापायला व्हीएमसी मशीन. मग आत पोकळी राहिली नाही ना, याची तपासणी. यातलं काय काय बंकरमध्ये न्यायचं?

शिवाय ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची बारीक पावडर हवेत उडाली तर पेट घेऊ शकते, म्हणून चेंबरमध्ये आर्गॉन हा पेट न घेणारा वायू भरावा लागतो. म्हणजे पार्टचे खोके वाचवायला सिलिंडर चढवायचे.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूने सांगतो. पावडर अतिवेगाने आदळवून धातू चढवणारी ‘कोल्ड स्प्रे’ नावाची पद्धत आहे. तिला लेझर लागत नाही आणि ती खूप वेगवान आहे. ऑस्ट्रेलियन लष्कराने अशा मशीन उघड्या मैदानात चालवून पाहिल्या, २०२३ मध्ये युक्रेनलाही त्या गेल्या. पण त्यातून निघणारा पार्टही ओबडधोबडच. भट्टी आणि मशीनिंग काही सुटत नाही.

‘ट्रक आणि गोदामं बंद’

रसद म्हणजे स्पेअर पार्ट, असं लिहिणाऱ्याला वाटत असावं. टी-७२ रणगाड्यात बाहेरचे ड्रम सोडून सुमारे १,२०० लिटर डिझेल मावतं. १५५ मिमी तोफेचा एकेक गोळा ४० किलोंच्या वर. लडाखमध्ये रस्ते बंद होण्याआधी उन्हाळ्यातच पूर्ण हिवाळ्याचा साठा वर चढवतात, त्यात केरोसीन, शिधा, दारूगोळा, कपडे असतात. यातलं काहीच छापता येत नाही. ट्रक चालूच राहणार.

‘स्कॅन करा, कोणताही पार्ट छापा’

माझं खरं भांडण इथे आहे. स्कॅनरने आकार मिळतो, पार्ट मिळत नाही. पुरणपोळीचा फोटो काढून पुरणात जायफळ किती हे कळत नाही, तसंच. झिजलेला पार्ट स्कॅन केला तर झीजही सोबत छापली जाते. मूळ धातू कोणता, कडकपणा किती, कोणत्या बाजूला किती टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, हे ड्रॉइंगमध्ये असतं आणि ड्रॉइंग बहुतेक वेळा मूळ उत्पादकाकडे. आपल्या संरक्षण व्यवस्थेत ही अधिकृत कागदपत्रं सांभाळणाऱ्या संस्थेला एएचएसपी म्हणतात. तिच्या मान्यतेशिवाय धातू किंवा बनवायची रीत बदलता येत नाही, आणि तसंच असायला हवं. ब्रेकच्या लिव्हरमध्ये राहिलेली केसाएवढी पोकळी आज दिसत नाही, ती हजाराव्या धक्क्याला दिसते.

म्हणून अडतं ते मशीनपाशी नाही. मशीन उद्या आणता येईल. नवीन वाहन विकत घेताना करारातच थ्रीडी फाइल, धातूचा तपशील आणि गरजेला छापायचा हक्क लिहून घेतला का, हा प्रश्न मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘अमेरिकेने २०१२ मध्येच करून दाखवलं’

अमेरिकी लष्कराने २०१२ मध्ये अफगाणिस्तानात २० फुटी कंटेनरमधली फिरती प्रयोगशाळा नेली, हे खरं. पण त्यात प्रिंटरसोबत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन होतं आणि चालवायला इंजिनिअर होते. काम होतं जागेवरच्या अडचणींसाठी नमुने, जोडण्या, कव्हर बनवण्याचं. गोदाम काही बंद झालं नाही.

२०१८ चं उदाहरण मला जास्त आवडतं. त्यांच्या मरीन दलाच्या एफ-३५ विमानात चाकाच्या दाराचा प्लॅस्टिकचा छोटा बंपर झिजला. रीतीप्रमाणे अख्खं दार बदलावं लागलं असतं, खर्च सुमारे ७०,००० डॉलर. त्यांनी तो तुकडा छापला, नौदलाच्या तांत्रिक विभागाची मंजुरी घेतली आणि मगच विमान उडवलं. छपाईचा फायदा असाच असतो: तुकडा बारीक, पण त्यावाचून सगळं अडलेलं.

आपल्याकडे अशी जागा भरपूर आहे. जुन्या रशियन बनावटीच्या वाहनाचा एखादा नॉब किंवा ब्रॅकेट, ज्याचे वर्षाला २० नग लागतात. पुरवठादार २० नगांसाठी साचा बनवत नाही. त्याचंही बरोबर आहे, साच्याचा खर्च कोण देणार? साच्याविना २० नग बनवणं छपाईला परवडतं. मोठा पार्ट असेल तर तो छापूच नये, फक्त साचा घडवायला लागणारा नमुना, म्हणजे पॅटर्न, छापावा आणि ओतकाम कोल्हापूरच्या फाउंड्रीत करावं. हे सगळं सीमेवर नव्हे, खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या जागी शोभतं, जिथे वाहन उघडून बसायला वेळ, छप्पर आणि तपासणीची साधनं असतात.

‘आपण झोपलोय’

नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अहमदाबाद छावणीत लष्कराची बांधकामं करणाऱ्या एमईएसने थ्रीडी छापलेलं दुमजली घर उभं केलं. काँक्रीटला मायक्रॉनची टॉलरन्स लागत नाही, म्हणून बांधकामात हे तंत्र लवकर रुळलं.

‘डेपोच्या जमिनी मोकळ्या होणार’

प्रिंटर आला तरी पावडर, सिलिंडर, भट्टी, तपासणीची खोली आणि न छापता येणारं बाकी सगळं ठेवायला जागा लागणारच. खडकीतल्या जमिनीवर कुणाचा डोळा असेल तर त्यांनी दुसरं कारण शोधावं.