घर पाहावं बांधून

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपल्यात म्हणतात. लग्न मी वेळेवर करून पाहिलं. घर बांधायचा योग मात्र गेल्या डिसेंबरात आला आणि तोही शब्दशः: गाडीच्या मागे, 50 मिलिमीटरच्या एका लोखंडी गोळ्यावर अडकवून, वर दोन साखळ्या घालून.

हे घर माझ्या मेव्हण्याचं. मेव्हणा म्हापशाला असतो आणि दर दोन वर्षांनी नवा धंदा काढतो. मश्रूम झाले, काजूच्या बोंडांचा जॅम झाला, आता पर्यटकांना भाड्याने द्यायचा कॅराव्हॅन ट्रेलर. घाटावरच्या कुठल्याशा वर्कशॉपात त्याने तो बनवून घेतला. आत चौघांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, वाटीएवढं बेसिन, आणि ज्याला तो टॉयलेट म्हणतो नि आम्ही ‘ते कपाट’ म्हणतो, ते.

“भावजी, पहिली फेरी घरच्यांचीच व्हायला हवी,” तो म्हणाला. मी गहिवरलो. मग तो म्हणाला, “गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी काय काय मोडतं ते कळायला हवं ना.”

कुठे जायचं यावर आठ दिवस चर्चा झाली. मुलीला हंपी हवं होतं, मुलाला उटी, बायकोला ‘कुठेही, पण जिथे जेवण आयतं मिळेल तिथे’. निकाल आईने लावला. तिने मला एकच विचारलं.

“तुला ही पेटी घेऊन मागे येता येतं?”

“अजून नाही.”

“मग कन्याकुमारी.”

तिचा हिशेब सरळ होता. 66 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग पनवेलहून सुटतो, गोव्याला उभा चिरत जातो आणि कन्याकुमारीला जाऊन संपतो. सगळा मिळून सोळाशे किलोमीटरांच्या घरात, त्यातले आमच्या वाट्याला साधारण हजार. नाक समोर धरायचं आणि जायचं. मागे घेण्याचा प्रश्नच नाही. “आणि परत कसं यायचं?” मुलाने विचारलं. “समुद्र आला की बघू,” आई म्हणाली.

ट्रेलर फोंड्याला आमच्या अंगणात आला तेव्हा अख्खा वाडा बघायला लोटला. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलर हे वाहनच; त्यामुळे त्याची नोंदणी वेगळी, नंबरप्लेट वेगळी. “इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, दुसऱ्याच्या जिवावर चालतो, पण नाव मात्र स्वतःचं,” बायको पाटी वाचत म्हणाली. “घरजावई आहे हा.” मेव्हण्याने जाताना ट्रेलरची माहिती सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. रिकामा 600 किलो. भरून 900 च्या वर न्यायचा नाही. चालत्या ट्रेलरात माणूस बसवायचा नाही. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: नाकावरचं वजन.

नाकावरचं वजन हे प्रकरण मला आधी कळलं नाही. मग चांगलंच कळलं. ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचा दांडा, गाडीच्या गोळ्यावर टेकतो. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार त्या नाकावर यायला हवा. कमी आला, म्हणजे सामान मागच्या बाजूला जास्त झालं, तर वेग घेतल्यावर ट्रेलर कुत्र्यासारखी शेपूट हलवू लागतो, आणि इथे शेपूट हलली की कुत्राही हलतो. जास्त आला तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी आकाशाकडे बघत चालते. भरलेल्या ट्रेलरला आम्हाला 90 ते 135 किलो हवे होते. मोजायचे कशावर? न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर, ज्याच्यावर माझी बायको गेली तीन वर्षं चढलेली नाही.

सामान भरण्याचं खातं आईकडे होतं. उकडे तांदूळ 15 किलो. सोलं. सुका जवळा आणि खारे बांगडे, तीन पिशव्यांत गुंडाळून, तरी कळतातच. खोबरं खवायची आदोळी. आगळाच्या सहा बाटल्या. आणि 40 नारळ.

“आई, आपण केरळातून जाणार. तिथे नारळच आहेत.”

“असतील. आपले आहेत का?”

यापुढे बोलणं नव्हतं. नारळ तिने मागच्या बाकाखाली रचले, वर तांदूळ. काटा दांड्याखाली विटेवर ठेवला. 38 किलो. नारळ पुढे आणले. 71. तांदूळ पुढे, गॅस सिलिंडर पुढे, मुलाची क्रिकेटची बॅग पुढे. काट्याने थोडा वेळ विचार केला आणि ‘एरर’ दाखवलं. मग दहा नारळ परत मागे. मुलगी आत बसून नारळ मोजत होती, मी काट्यापाशी पालथा पडून आकडे ओरडत होतो, आणि बायको दारात उभी राहून, “हे सगळं कमी सामान घेऊनही जमलं असतं,” एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणत होती. संध्याकाळी सहा वाजता 104 किलो आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेजारच्या वहिनी नाताळचा कुसवार घेऊन आल्या: नेवऱ्या, दोदोल, आणि एक अख्खी बेबिंका. “वाटेत खा हां.” मी थाळी हातात घेतली आणि नकळत तिचा अंदाज घेतला. सव्वादोन किलो. पुढे ठेवावी की मागे?

तेव्हा मला आमच्या देवांची आठवण झाली. फोंडा महालातले मोठे देव मूळचे इथले नव्हेत. पोर्तुगीज देवळं मोडू लागले तेव्हा, 1560 साली, मंगेशाला लोकांनी कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला आणलं. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. जिवावरचा प्रसंग, वर नदी, आणि सोबत काय? तर देव. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी देवाला हलवायला एवढंच पुरलं. आम्हाला पाच माणसं कन्याकुमारीला न्यायला मिक्सर लागत होता.

मागे घेण्याची शिकवणी शेजारच्या बाबांनी घेतली. बाब जुने तारवटी. तीस वर्षं बोटीवर काढून आता व्हरांड्यात बसून रस्त्यावरची वाहतूक सांभाळतात. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. हे वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात मेंदूची दोन्ही अर्धी एकमेकांशी बोलायची थांबतात. शाळेच्या मैदानावर मी तीन दिवस प्रयत्न केला. दर वेळी गाडी आणि ट्रेलर यांचा कोन होत होत दोघं चुंबनाच्या बेतात यायचे. बाब काठी टेकत आले. “अरे, हें तारूं न्हय, पूण सुकाण तेंच,” ते म्हणाले. होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. त्यांच्या हातात हे लहानपणापासून. मग त्यांनी खरी युक्ती दिली: हात स्टिअरिंगच्या वर नाही, तळाशी धर. आता ट्रेलरची शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात ने. बस्स. खरोखर चाललं! ट्रेलर सरळ मागे गेला, दहा फूट, वीस फूट, आणि गोलपोस्टात. “गोल,” मैदानावरची पोरं ओरडली.

आई तोवर देवळात कौल लावून आली होती, मलाही नेलं होतं. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडली तर होय. भटजी जोरात म्हणत होते, “…लेकरं कन्याकुमारीक वचपाक भायर सरल्यांत, तांची गाडी आनी गाडये फाटल्यान आसा ती… ती…” आणि अडले. “पेटी,” आईने शब्द पुरवला. “…पेटी सुखरूप व्हर गे माये.” वीस मिनिटं एकही पाकळी हलली नाही. देवीलाही मागचं-पुढचं बघावं लागत असणार. मग उजवी पडली.

निघायची वेळ पहाटे पाच ठरली होती. पाच वाजता उठलो हे खरं. पण ट्रेलर अंगणात नाक आत करून उभा होता, म्हणजे निघायचं तर आधी मागे. आमची वाट दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाच्या गडग्याची, मध्ये तुळशीवृंदावन. मी तळाशी हात धरला, देवीचं नाव घेतलं आणि ट्रेलर नेमका वाटेत आडवा बसवला. ना पुढे, ना मागे. तोच ‘पों पों’ करत पोदेर, म्हणजे पाववाला, आला. त्याची सायकल अडली. त्याच्यामागे दूधवाला. त्याच्यामागे स्कूटरवर नळाचा मिस्त्री, जो एरवी चार महिने बोलावून येत नाही. दिवस उजाडला तसे सल्लेही उजाडले. “उजवीकडे काढ!” “त्याच्या उजवीकडे की आपल्या?” “पूर्वेकडे!” आई शांतपणे खिडकीतून पोदेराला म्हणाली, “थांबलाच आहेस तर वीस पोई दे.” ती पुढच्या कपाटात ठेवू नकोस, असं मी ओरडलो हे मला आठवतं.

शेवटी ट्रेलर गाडीपासून सोडवला. पोदेर, दूधवाला, मिस्त्री, बाबांचे दोन जावई आणि आम्ही दोघं बापलेक अशा सात जणांनी तो हाताने ढकलत रस्त्यावर नेला, गाडी वेगळी बाहेर काढली, पुन्हा गोळ्यावर अडकवला, साखळ्या घातल्या, दिव्यांची सात पिनांची पिन खोचली. मुलाला मागे उभं करून दिवे तपासले. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागायचा, डावा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे घाबरल्यासारखे लुकलुकायचे. नळाच्या मिस्त्रीने पिन काढून, फुंकर मारून, परत घातली. सगळं नीट! चार महिन्यांचा राग मी तिथेच माफ केला.

बाबांनी नारळ फोडला. आमच्याच 40 मधला. नाकावरचं वजन बदललं, पण बोललो नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी निघालो.

बोरीच्या पुलावर मागे रांग लागली, जुवारीच्या पात्राचं एवढं निवांत दर्शन मला कधी घडलं नव्हतं. गाडीचं ॲव्हरेज 15 वरून 8 वर आलं. मडगावात दुपारचं जेवण झालं, कारण बायकोची आते तिथे असते आणि ‘दारावरून गेले नि आले नाहीत’ हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. आतेने पाच किलो बटाटे दिले. काणकोणच्या आधी करमळ घाटात मागे एक एसटी, पुढे एक लाकडाचा ट्रक, मध्ये आम्ही. मी दुसऱ्या गिअरात, आई रामरक्षेत.

संध्याकाळी गोव्याची हद्द संपली आणि नाका आला. सीमेवरचा प्रत्येक नाका गोव्याहून येणाऱ्या गाडीकडे एकाच नजरेने बघतो: आत किती बाटल्या? आणि आमच्यामागे तर अख्खी खोली होती.

“आत काय आहे?” नाक्यावरच्या साहेबाने विचारलं. कारवारकडची कोंकणी.

“घर,” मी म्हणालो.

त्याने दार उघडायला लावलं. आधी खारे बांगडे बाहेर आले, म्हणजे त्यांचा वास. तो दोन पावलं मागे सरला, रुमाल नाकाला लावून परत आला. नारळ बघितले. “केरळात नारळ नेताय?” मी मान खाली घातली. मग त्याने पुढचं कपाट उघडलं आणि आगळाच्या सहा बाटल्या समोर आल्या. त्या बाबांनी तीस वर्षांत बोटीवरून आणलेल्या परदेशी व्हिस्कीच्या, चौकोनी, सोनेरी लेबलांच्या. आमच्याकडे खोबरेल, व्हिनेगर, आगळ सगळं अशाच बाटल्यांत राहतं. त्यात काही विशेष आहे हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

“सहा?” तो म्हणाला. आवाज बदलला होता.

“आगळ आहे हो, कोकमाचं. कढीला.”

“असं सगळेच सांगतात.”

आईने खिडकीची काच खाली केली. “पिऊन बघ रे पुता.”

त्याने टोपण उघडलं, वास घेतला, खात्री पटेना. टोपणभर ओतून एका घोटात तोंडात टाकलं. न पातळ केलेलं, नुसतं, मिठात मुरलेलं आगळ काय असतं हे ज्याने प्यायलंय त्यालाच माहीत. त्याचा आधी डावा डोळा मिटला. मग उजवा. मग खांदे वर गेले आणि तिथेच राहिले. बाजूचा शिपाई पाणी आणायला धावला.

“आईच्या हातचं आहे,” मी उगाच म्हणालो.

त्याने हातानेच ‘जा’ अशी खूण केली. मी साखळ्या तपासल्या, दार लावलं, गाडीत बसलो, चावी फिरवली. तेवढ्यात तो पाणी पिऊन, डोळे पुसत काचेपाशी आला. बाजूच्या रांगेत एक कंटेनर अडकला होता.

“साहेब, त्याला वाट द्या जरा. दहा फूट मागे घ्या.”

गाडीत कोणी बोललं नाही. मुलाने हेडफोन काढले. बायकोने आतेच्या बटाट्यांची पिशवी छातीशी धरली. माझा उजवा हात आपोआप स्टिअरिंगच्या तळाशी गेला आणि तिथे थरथरत थांबला.

आईने पुन्हा काच खाली केली.

“पुता,” ती म्हणाली, “मागे तेवढं सांगू नकोस. पुढे सांग, कन्याकुमारीपर्यंत जातो.”