फेब्रुवारीत फ्रान्सला द्राक्षं? नाही हो!
आमच्या दादरच्या सोसायटी ग्रुपवर मेसेज फिरतोय की फेब्रुवारीत फ्रान्सला जा, द्राक्षतोडणी बघायला मिळेल, शिवाय परत येताना माणशी तीन बाटल्या वाईन कस्टम्स फ्री. दोन्ही चूक आहे. फेब्रुवारीत तोडणी आपल्या नाशिकला असते, तेव्हा फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या वेलींवर एक पान नसतं, नुसती काळी खोडं आणि छाटणी करणारी माणसं, तिथली तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. फेब्रुवारीतच जायचं असेल तर साऊथ आफ्रिकेत स्टेलनबॉश बघा, तिकडे तेव्हा सीझन असतो. बाटल्यांचं म्हणाल तर माणशी २ लिटर फ्री, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच, तिसरी घेतली की २.२५ लिटर होतात आणि वरच्या पाव लिटरवर ड्युटी लागते. आणि हो, बाटल्या चेक-इन बॅगेत, साडीत गुंडाळून.