मुंबईकराने टॉप स्पीडचे पैसे कशाला मोजायचे?

पावसाळा सरत आला की मला हा प्रश्न हमखास येतो: लांब फिरायला कुठली बाईक घेऊ? यंदा भाच्याने विचारलाय. विचारलाय कसला, तीन गाड्यांचे व्हिडिओ पाठवून 'मावशी, फायनल करून टाक' असं फर्मान काढलंय. तिन्ही व्हिडिओंत कुणीतरी मोकळ्या रस्त्यावर एकशे चाळीसला गाडी ताणतोय आणि म्हणतोय, बघा, अजून दम आहे.

अरे बाबा, हा रस्ता तुला मिळणार कुठे?

आपण राहतो भांडुपला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, सगळीकडे तेच. जे जे म्हणून गुळगुळीत आणि मोकळं, ते चारचाकीवाल्यांचं. आपल्या वाट्याला जुना पुणे रस्ता, कसारा घाट, घोडबंदर आणि २०११ पासून 'होत आलेला' गोवा हायवे. त्यातून केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी हायवेवरही मोटरसायकलला कमाल वेग ताशी ८० किलोमीटर. हे किती जण पाळतात ते आपल्याला ठाऊक आहे, पण ज्या वेगाला ना रस्ता ना परवानगी, त्याचे जास्तीचे लाखभर रुपये मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मग गाडीकडून मागायचं काय? ऐंशी-नव्वदला दिवसभर कुरकुर न करता चालावी. घाटात मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना धापा टाकू नयेत. आणि त्याआधी, माजिवडा ते पडघा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना माझा डावा पंजा आणि उजवी पोटरी शाबूत ठेवावी. मुंबईकराची टूर सुरू होते ती ट्रॅफिकमध्ये आणि संपतेही ट्रॅफिकमध्येच, तीही रविवारी संध्याकाळी, अंग आंबलेलं असताना. त्या वेळी क्लच जड असेल आणि पायावर इंजिनाची गरम हवा येत असेल, तर महाबळेश्वरचं सगळं सुख ठाण्याच्या खाडीत बुडतं.

म्हणून ब्रोशरमध्ये मी किती बीएचपी, म्हणजे इंजिनाची एकूण ताकद, हे शेवटी बघते. आधी बघते, टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, कितीचा आणि किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. बीएचपी जेमतेम वीस, व्हिडिओवाले तिला हसतात. पण तिचा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच हाताशी येतो. केटीएमची जुनी ३९० अ‍ॅडव्हेंचर ताकदीला दुप्पट, टॉर्कही ३७, पण तो ७००० च्या आसपास. म्हणजे कसाऱ्यात ट्रकमागे अडकल्यावर एकीवर नुसती मूठ पिळायची आणि दुसरीवर आधी गिअर पाडायचा, मग पिळायची. तरुण मनगटाला त्यात मजा येते, नाकारत नाही. सहाव्या तासाला येत नाही. एनफिल्डचीच नवी हिमालयन ४५० यात मधली: ४० न्यूटन मीटर, ५५०० ला.

आता सीटची उंची. ही गोष्ट पुरुष मंडळी हसण्यावारी नेतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोकणात सागरी मार्गाने खाली उतरायचं तर खाड्या फेरीने ओलांडाव्या लागतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे. फेरीचा लोखंडी पाट जेटीवर टेकतो, तो कायम ओला, वर चिखल आणि शेवाळ. समोरून एक माणूस 'या, या, या' करत हात हलवतो, मागे जीपवाला हॉर्न देतो, आणि पाट भरती-ओहोटीप्रमाणे वर किंवा खाली कलतो. तिथे थांबावं लागलं आणि पाय टेकायला गेलात, तर फक्त बोटांची टोकं लागून चालत नाही. पूर्ण तळवा लागला पाहिजे, कारण बोटं सरकतात. माझी उंची पाच फूट दोन. एनफिल्डच्याच मिटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर, तिथे माझे दोन्ही तळवे जमिनीला. हिमालयन ४५० ची सीट ८२५, जुन्या ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८५५. वर दोनशे किलोच्या आसपास धूड आणि टँकबॅग. पाच-अकराच्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही, म्हणून त्याने दिलेला सल्ला पाच-दोनवाल्याने घेऊ नये. एका शोरूममध्ये तर मला सांगितलं, 'मॅडम, सवय होते.' सवय होते, पण पायांची लांबी वाढत नाही.

सीट कापून घेता येते, हे खरं. पण फोम कमी झाला की तिसऱ्या तासाला बुडाखाली नुसता पत्रा लागतो.

टायरचं थोडक्यात: ट्यूबलेस घ्या. ट्यूबलेसला खिळा लागला तर चाक न काढता भोकात रबरी दोरी भरून दहा-पंधरा मिनिटांत निघता येतं. आऱ्यांच्या ट्यूबवाल्या चाकाला मागचा एक्सल खोला, चेन उतरवा, टायर सोडवा, आणि डबल स्टँड नसेल तर गाडी टेकवायला दगड शोधा. तेही पोलादपूरच्या पुढे, पावसात. उलट बाजूने, ट्यूबलेससोबत बहुधा येणाऱ्या अलॉयच्या, म्हणजे ओतीव, चाकाला खड्ड्यात तडा जाऊ शकतो, आरे बरंच सोसतात, म्हणून हिमालयात खडबडीत रस्त्यांनी स्पितीला जाणारे आऱ्यांची चाकं मागतात. पण चिपळूणला आत्याकडे जाणाऱ्याने स्पितीच्या हिशेबाने चाकं का निवडावीत?

ड्युअल चॅनल एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, मात्र सोडू नका. २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं आहे, पण सिंगल चॅनलवरही कायद्याचं समाधान होतं. ते फक्त पुढचं चाक सांभाळतं. परशुराम घाटात डांबरावर लाल माती वाहून आलेली असते तेव्हा घसरतं ते बहुधा मागचं.

पैशाचं म्हणाल तर सरकारने निवड सोपी केलीय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर थेट ४०. ३४९ सीसीवाले खूश, हिमालयनसारखे ४५२ वाले हिशेब करत बसलेत. जो फरक उरेल त्यातून चांगलं हेल्मेट, गार्डवालं जॅकेट आणि गुडघ्याचे पॅड घ्या. गाडीला क्रॅशगार्ड लावतात आणि स्वतः टी-शर्टवर लोणावळ्याला जातात, त्यांच्याकडे बघून मला आजही कळत नाही की जपायचंय कुणाला.

सर्व्हिसचाही विचार हवा. क्लचची वायर माणगावला तुटली तर माणगावला मिळाली पाहिजे. या बाबतीत हीरोची एक्सपल्स सगळ्यांना भारी. हायवेला नव्वदच्या वर तिचा जीव वरखाली होतो, पण एकट्याने आडवाटा धुंडाळणाऱ्याला मी डोळे मिटून तीच सांगेन.

आणि एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० आवडत नाही का? आवडते की. दोन सिलिंडरचं ते इंजिन नव्वदला इतकं निवांत, न थरथरता चालतं की हँडलवरच्या आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते. पण आमच्या सोसायटीत ती पार्किंगमधून काढायची तर आधी तीन स्कूटर हलवायच्या, मग दोनशे किलोंहून जड गाडी चढावर मागे ढकलायची. पहाटे साडेचारला, वॉचमन झोपलेला असताना.

शोरूमची टेस्ट राईड म्हणजे गल्लीला एक फेरी, त्यातून काही कळत नाही. मनात असलेली गाडी शनिवार-रविवार भाड्याने घ्या, सामान बांधा, मागे जी व्यक्ती बसणार आहे तिलाच बसवा आणि इगतपुरीला जाऊन या. परतल्यावर मत तिचं विचारा. भाच्याला मी हेच कळवलं, ३५० कडे बोटही दाखवलं. त्याचं उत्तर आलं: 'ते सगळं ठीक आहे मावशी, पण सायलेन्सर बदलून आवाज कुठलीचा भारी येतो?'

त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. भाषा जरा कडक असेल.